कपिली उतार का उतरेना?

"घट्ट धर! हललास तर चाक अंड्यासारखं होईल!"

"मी कुठं हलतोय? तारच हलतेय!" ज्योतीराम ओरडला.

"तार काय आपोआप हलते होय रे? तिला काय पाय आहेत?"

शालनने छिन्नीवर हातोडा घातला. खण्! तारेचा तुकडा टणकन उडाला, ज्योतीरामच्या कानाजवळून गेला आणि मागे कुठेतरी पडला.

"माझा कान!" ज्योतीराम किंचाळला.

"आहे अजून जागेवर. आणि असून उपयोग काय? एक गोष्ट धड ऐकत नाहीस!" शालन म्हणाली, आणि झुलेखा खो खो हसली.

मे महिन्याची सुट्टी होती, साल एकोणीसशे छप्पन्न. मोशीच्या पोरांना तारेच्या गाड्यांचं वेड लागलं होतं. तारेची चाकं, तारेची दांडी, वर लांब दांडा. तो हातात धरून गाडी ढकलत पळायचं. परवा शर्यत होती. गावातून निघायचं ते उतार उतरून थेट इंद्रायणीच्या काठापर्यंत! ज्योतीरामचे वडील पिंपरीला एका नव्या कारखान्याच्या बांधकामावर कामाला होते. तिथली उरलेली कुंपणाची तार त्यांनी आणून दिली होती. अशी कडक तार दुसऱ्या कुणाकडे नव्हती, त्यामुळे जिंकणार आपणच, हे शालनने आधीच ठरवून टाकलं होतं.

शालन बारा वर्षांची. सहावीत पहिली आली होती, शास्त्रात तर पन्नासपैकी एकोणपन्नास! आपण हुशार आहोत हे तिला ठाऊक होतं, आणि एखाद्याला ते ठाऊक नसेल तर ती स्वतःच सांगायची. ज्योतीराम तिचा चुलतभाऊ, एका वर्षाने लहान. आणि झुलेखा तिची पहिलीपासूनची मैत्रीण, गावातल्या कल्हईवाल्या मन्सूरचाचांची मुलगी. छिन्नी आणि हातोडा मन्सूरचाचांचेच होते.

हे सगळं चाललं होतं अंबूमावशीच्या गोठ्यात. गोठ्यात सावली होती, आणि कडबा तोडायचा मोठा लाकडी ठोकळाही होता. अंबूमावशी रोज त्या ठोकळ्यावर कोयत्याने कडबा बारीक तोडायची. तोडलेल्या कुट्टीचा ढीग तिथेच शेजारी असायचा, आणि त्यातूनच तिच्या कपिली गाईला पाट्या भरून घातल्या जायच्या.

"शालन, बाहेर दगडावर कापूया का?" झुलेखा म्हणाली होती. "ठोकळा खराब होईल. मावशी रागावतील."

"दगडावर छिन्नी बोथट होते. तू धर गं, मला कळतं!"

अंबूमावशी रागावली नाहीच. उलट ताकाचे तीन पेले घेऊन आली. तिचं असं घरात कुणी नव्हतं. पोरांचा गोंगाट तिला हवाच असायचा.

"चालू द्या तुमचा कारखाना," ती म्हणाली. "माझ्या कपिलीला तेवढं बिचकवू नका म्हंजी झालं."

कपिली मान हलवत रवंथ करत होती. शालनने तिच्या कपाळावर थोपटलं आणि पुन्हा हातोडा उचलला. खण्! टण्!

शर्यत शालनने जिंकली. हे सांगितलं नाही तर तिला राग येईल, म्हणून सांगतो. पण पुढे जे झालं त्यानंतर त्या शर्यतीचं नाव तिने कधीच काढलं नाही.

*

पाचव्या दिवशी कपिलीने वैरण सोडली.

पाटीत तोंड घालायची आणि तशीच बाजूला व्हायची. रवंथ बंद. दूध आटलं. पाठ कमानीसारखी वर काढून, पुढचे कोपर बाहेर फाकवून नुसती उभी राहायची. अंगात ताप. अंबूमावशी तिच्या गळ्यात हात घालून रडत बसली. तिच्या हातचं गूळ-पाणीसुद्धा कपिली घेईना.

पारावर माणसं जमली. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं काही विषारी खाण्यात आलं. शालनचे वडील सोपानराव पंचांपैकी होते. त्यांचा आवाज मोठा, आणि बोलणं नेहमी शेवटचं!

"इख घातलं असंल कुनीतरी," ते म्हणाले. "गोठ्यात कोन आलं-गेलं, ते बघाया पायजे."

झालं! शालनच्या अंगात लगेच गुप्त पोलीस शिरला.

"मी तपास करते, आबा!" ती म्हणाली.

आणि तिने केलाही. गव्हाणीच्या कडेला तिला चिमूटभर पांढरी पूड सापडली. मग तिला आठवलं, सोमवारी मन्सूरचाचा त्याच गोठ्याच्या सावलीत बसून अंबूमावशीच्या भांड्यांना कल्हई करत होते. आणि ती गोठ्यावरून गेली तेव्हा चाचांचा हात गव्हाणीत होता! तिला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला, की हे चाचा म्हणजे झुलेखाचे अब्बा, हे तिच्या मनातही आलं नाही.

संध्याकाळी ती पारावर सगळ्यांसमोर उभी राहिली. मन्सूरचाचाही तिथेच बसले होते, बिडी विझवून.

"मी मन्सूरचाचांचा हात गव्हाणीत बघितला!"

सगळ्यांच्या माना वळल्या.

"नुसता हात?" सोपानरावांनी विचारलं. "हातात काय व्हतं?"

खरं म्हणजे शालनने फक्त हात पाहिला होता. ती घाईत होती, एका नजरेत पुढे गेली होती. पण पन्नास माणसं तिच्या तोंडाकडे बघत होती. आबा बघत होते. "ते दिसलं नाही" असं म्हटलं तर सगळा तपास फुसका ठरला असता.

"पांढरी पूड होती," शालन म्हणाली. "टाकत होते."

"बेटी," मन्सूरचाचा उठून उभे राहिले. "नीट आठव. नवसागर सांडला व्हता माझा, भांड्याला लावायचा. गाय चाटंल म्हनून मी तो पुसून काढत व्हतो."

"पुसत होते की टाकत होते?" कुणीतरी विचारलं.

शालनने खाली बघितलं. "टाकत होते," ती पुन्हा म्हणाली. दुसऱ्यांदा ते सोपं गेलं.

मग आरडाओरडा झाला. एकटी अंबूमावशी म्हणत होती, "मन्सूर असं करायचा न्हाई, मी त्याला त्याच्या लहानपनापासून वळखते!" पण तिचं कुणी ऐकलं नाही. सोपानरावांनी निवाडा दिला. परवा दुपारी लाल तापल्या विळ्याने कपिलीला पोटावर डाग द्यायचा. त्याने बरी झाली तर ठीक. मेली, तर मन्सूरने बिऱ्हाड उचलायचं आणि मोशी सोडून जायचं!

गर्दीच्या कडेला झुलेखा उभी होती. शालनने तिच्याकडे बघून हात केला. झुलेखाने हात केला नाही.

*

दुसऱ्या दिवशी "कल्हईऽऽवाला" ही हाक गावात तीनदा फिरली, पण एकाही दारातून भांडं बाहेर आलं नाही. शालनच्या आईने तर काढून ठेवलेली पातेली पुन्हा फळीवर चढवली.

"आई, आपल्याला कल्हई करायची होती ना?"

"कशी करनार बाई? तूच तर बघितलंस," आई म्हणाली.

शालनला जेवण गेलं नाही. आपण बघितलं ना? हात बघितला. मग पूडही असेलच की! नसती तर गाय आजारी का पडली असती? कुट्टीच्या ढिगात आणखी पूड सापडली, तर सगळंच पक्कं होईल. मग झुलेखालासुद्धा पटेल.

डाग द्यायच्या दिवशी सकाळी ती चाळण घेऊन गोठ्यात गेली. गोठा रिकामा होता. ती मूठ मूठ कुट्टी चाळू लागली. पूड नव्हती. धूळ होती, खडे होते, आणि...

"आई गं!"

बोटाच्या पेराला काहीतरी खस्सकन टोचलं. रक्त आलं. तिने ते उचलून बघितलं. तारेचा तुकडा, बोटाएवढा लांब, दोन्ही टोकं छिन्नीने तिरकी तुटलेली, सुईसारखी.

शालन त्या तुकड्याकडे बघतच राहिली. खण्! टण्! "माझा कान!" सगळं आठवलं. त्या दिवशी असे किती तुकडे उडाले? एकानेही वळून बघितलं नव्हतं.

शाळेत भिंतीवर एक तक्ता होता: गाईच्या पोटाचे चार कप्पे. गुरुजींनी विचारलं की शालनचाच हात सगळ्यात आधी वर जायचा. "गाय आधी गिळते आणि मागाहून चावते. पहिला कप्पा मोठ्या पिशवीसारखा. दुसरा मधमाश्यांच्या पोळ्यासारखा. तिसऱ्याच्या आत पोथीसारखी पानं. चौथं खरं पोट!" एका दमात सांगायची. एकोणपन्नास गुण!

आधी गिळते. न चावता गिळते. म्हणजे कुट्टीत तार असली तर तारही गिळते! तिला सगळं पाठ होतं, आणि ठोकळ्यापाशी बसल्यावर त्यातलं एक अक्षर तिला आठवलं नव्हतं.

'पण एक तुकडा ढिगात सापडला, म्हणून दुसरा गाईने खाल्लाच असं कुठंय?' तिने मनाशी म्हटलं. तुकडा परकराच्या ओच्यात खोचला. आजूबाजूला कुणी नाही ना, ते बघितलं. आणि स्वतःच्याच गावात ती चोरासारखी गोठ्याबाहेर पडली.

नदीच्या वाटेवर ज्योतीराम भेटला. तो धापा टाकत होता.

"शाले, चल लवकर! काहीतरी विचित्र आहे. झुलेखा कपिलीला पाण्यावर नेतेय, आणि कपिली उतार उतरतच नाही!"

"आजारी आहे ती. कशी उतरेल?"

"अगं, चढ चढते! आता बघ तू!"

उतारावर झुलेखा कपिलीचं दावं धरून उभी होती. शालनला बघून तिने तोंड फिरवलं. ती बोलली ते ज्योतीरामशीच.

"ज्योती, बघ परत." तिने कपिलीला हळूच खाली ओढलं. कपिलीने एक पाऊल टाकलं आणि "हंऽऽ" करून कण्हली. आणखी एक पाऊल. "हंऽऽ!" मग ती जागची हलेना. झुलेखाने तिला वळवलं. चढावर कपिली हळूहळू का होईना, न कण्हता चालली! आणि बांध दिसताच पुढचे दोन्ही पाय बांधावर ठेवून उभी राहिली, जणू तसंच तिला बरं वाटत होतं.

"कालपासून मी हेच बघतेय," झुलेखा म्हणाली. "विष असतं तर चढतानापण दुखलं असतं, उतरतानापण दुखलं असतं. उतरतानाच का दुखतं? पुढं काहीतरी आहे. छातीजवळ. टोचतंय."

शालनच्या डोळ्यांपुढे तो तक्ता उभा राहिला. पोळ्यासारखा दुसरा कप्पा! सगळ्यात पुढे, छातीला लागून! उतारावर पोटातलं सगळं ओझं पुढे सरकतं आणि त्या कप्प्यावर येतं. ओच्यातला तुकडा तिला एकदम जड वाटला.

झुलेखाने शास्त्रात शालनच्या निम्मेच गुण मिळवले होते. पण तिने गाईकडे बघितलं होतं. शालनने पन्नास माणसांकडे बघितलं होतं.

"गुरांचे डॉक्टर!" शालन ओरडली. "डाग दिला तर ती मरेल! डॉक्टर आणायला हवेत, आत्ता!"

"का?" झुलेखाने दोन दिवसांत पहिल्यांदाच तिच्याकडे थेट बघितलं. "तुला काय कळलं?"

सांगावं का? "कळलं काहीतरी," शालन पुटपुटली. "मागाहून सांगते."

*

गुरांचा दवाखाना भोसरीच्या पुढे, पिंपरीच्या वाटेवर होता. ज्योतीरामच्या वडिलांची सायकल होती, आणि ती तिघांना एकदम कशी पेलणार हे विचारायला वेळ नव्हता. ज्योतीराम सीटवर, झुलेखा पुढच्या दांडीवर आणि शालन मागे कॅरियरवर!

"शाले, तू जेवतेस किती गं?" ज्योतीराम धापत म्हणाला.

"कालपासून जेवलेच नाहीये!"

"मग आधीचंच असणार!"

एरवी झुलेखा हसली असती. आज हसली नाही. नाशिक रस्त्यावर मालमोटारी धूळ उडवत जात होत्या. भोसरीच्या अलीकडे साखळी निसटली. झुलेखाने काही न बोलता ती काडीने उचलून दातेरी चाकावर बसवली, हात काळे झाले ते ओढणीला पुसले. शालनला म्हणावंसं वाटलं, 'मी तार टाकली. मी खोटं बोलले.' दोनच वाक्यं होती. पण त्यानंतर झुलेखा सायकलवरून उतरून चालत गेली असती, असं तिला वाटलं. ती कॅरियर धरून गप्प बसून राहिली. तिला स्वतःची लाज वाटत होती, आणि ती लाज रस्त्याभर संपली नाही.

डॉक्टर उद्धवराव उंच, किडकिडीत आणि घाईचे होते. त्यांनी तिघांचं ऐकून घेतलं. झुलेखाने उताराचं सांगितलं तेव्हा मात्र ते खुर्चीतून उठलेच.

"उतरताना कण्हते? बांधावर पुढचे पाय ठेवते? रवंथ बंद? कुणी बघितलं हे?"

"मी," झुलेखा म्हणाली.

"शाबास! माझ्या कंपाउंडरला हे शिकवायला मला दोन वर्षं लागली! चला!"

पाच मिनिटांत त्यांची फटफटी धुरळा उडवत निघाली. पिशवी मांडीवर घेऊन झुलेखा त्यांच्या मागे बसली होती.

*

ज्योतीराम आणि शालन गावात पोचले तेव्हा गोठ्यापुढे हीऽ गर्दी! डाग द्यायचा विळा चुलीत लाल झाला होता, आणि डॉक्टर हात पसरून मध्ये उभे होते.

"डाग दिलात तर गाय तुमच्या हाताने मारलीत म्हणून समजा! दोघं जण या इकडे. एक काठी आणा."

दोघांनी कपिलीच्या छातीखाली आडवी काठी धरली आणि डॉक्टरांनी सांगितल्यावर वर उचलली. "हंऽऽऽ!" कपिली इतकी कळवळून कण्हली, की अंबूमावशीने डोळ्यांना पदर लावला.

"हिने टोकदार काहीतरी गिळलंय," डॉक्टर म्हणाले. "गाईला वरचे पुढचे दात नसतात. ती जिभेने वैरण गोळा करते आणि न चावता गिळते. खिळा असो, सुई असो, आत! जड वस्तू जाऊन पडते दुसऱ्या कप्प्यात. तो कप्पा सारखा आवळतो, आणि दर आवळण्याला ती वस्तू पुढे रुतते. पुढे एक पातळ पडदा, आणि त्याच्या पलीकडे चार बोटांवर काळीज. तिथवर गेली की संपलं. मला आत्ताच्या आत्ता पोट उघडावं लागेल. उकळतं पाणी पाहिजे, दोन मोठी पातेली, लखलखीत स्वच्छ!"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. तेवढ्यात गर्दीतून वाट काढत मन्सूरचाचा आले. खांद्यावर भाता, हातात कल्हई केलेली दोन मोठी पातेली. झुलेखा त्यांना आधीच बोलावून आली होती.

"मन्सूर, तू हितं नको," सोपानराव म्हणाले.

"नको कसा?" डॉक्टर कडाडले. "मला पाणी हवंय! तुमच्यापैकी कुणाला जमतंय का पटकन?"

कुणी पुढे आलं नाही. चाचांनी जमिनीत खळगा केला, कोळसा पेटवला आणि भाता ओढायला सुरुवात केली. ज्या गोठ्यात त्यांच्यावर आळ आला, त्याच गोठ्यात, मान खाली घालून. बघता बघता पाणी उकळलं. डॉक्टरांची हत्यारं त्यात पडली.

कपिली उभीच होती. डाव्या कुशीवरचे केस कापून, धुऊन डॉक्टरांनी सुया देऊन ती जागा बधिर केली. मग कापलं. एक जण घेरी येऊन खाली बसला. तो ज्योतीराम होता, पण त्याने नंतर कधी कबूल केलं नाही. शालनच्या हातात ताटली दिली होती.

डॉक्टरांचा हात कोपरापर्यंत आत गेला. मग खांद्यापर्यंत! त्यांनी डोळे मिटले. "हे पहिलं पोट... इथून पुढे... खाली... हं, हे पोळं लागलं हाताला." "आहे! अर्धी रुतलीय. ये बाई, ये हळूच..."

टण्! ताटलीत तार पडली. बोटाएवढी. दोन्ही टोकं तिरकी, सुईसारखी.

"वाचली!" डॉक्टर म्हणाले. "आणखी चार दिवसांनी मी येऊन काही उपयोग नव्हता."

एकच गलका झाला! सोपानरावांनी शालनच्या पाठीवर थाप मारली. "माझी पोर! डाक्टरला आनायचं हिलाच सुचलं बघा! म्हनून तर हिला शिकवतोय!"

शालनला ती थाप चटक्यासारखी लागली. आणि मग कुणीतरी ताटलीत वाकून बघितलं.

"अहो, ही तर तार! गावात तारेचं काम कोन करतं? बादल्यांच्या कड्या, भांड्यांचे कान?"

गलका हळूहळू थांबला. माना भट्टीकडे वळल्या.

"म्हंजी इख न्हाई, तर तार!" सोपानराव सावकाश म्हणाले. "मन्सूर, आता काय सांगशील?"

मन्सूरचाचांनी भाता ओढायचा थांबवला. त्यांनी काहीच सांगितलं नाही. दोन दिवसांपूर्वी सांगून झालं होतं.

झुलेखा ताटलीकडे बघत होती. तिने तार ओळखली होती. तिनेच तर ती धरली होती! ती बोलली असती, तर बापाची बाजू घेते म्हणाले असते. म्हणून ती बोलली नाही. तिने फक्त शालनकडे बघितलं आणि बघतच राहिली.

शालनने ओच्यातला तुकडा काढला आणि ताटलीत पहिल्याच्या शेजारी ठेवला. दोन्ही तुकडे जुळ्या भावंडांसारखे दिसत होते.

"ती तार माझी आहे."

"काय?" सोपानराव म्हणाले.

"गाडीसाठी मी ठोकळ्यावर कापली. तुकडे कुट्टीत उडाले. मी बघितलंच नाही. झुलेखा म्हणाली होती बाहेर कापू. मीच ऐकलं नाही." अजून मोठं वाक्य राहिलंच होतं. ते पहिल्यापेक्षा शंभरपट अवघड होतं. "आणि पूड टाकताना... मी बघितलं नव्हतं. हात बघितला होता फक्त. सगळे माझ्याकडे बघत होते म्हणून मी पुढचं मनानं जोडलं. मी खोटं बोलले, आबा. दोनदा."

डॉक्टर टाके घालत राहिले. आबांचा चेहरा बघवेना. शालनने हुंदका दाबून धरला. आत्ता रडलं तर सगळे आपल्यालाच समजावत बसतील, आणि तेवढीसुद्धा आपली लायकी नाही, असं तिला वाटलं.

सोपानरावांनी डोक्यावरचा फेटा नीट केला, मग काढला, मग हातातच धरला.

"मन्सूर," ते म्हणाले, "पोरगी ल्हान हाय. तिला मार देईन. पर आमी तर ल्हान न्हाई. बारा वर्साच्या पोरीनं म्हटलं आन् आमी तुजं बिऱ्हाड उठवाया निघालो. एकानंबी धड इचारलं न्हाई. चुकलं आमचं."

"मारू नका तिला," मन्सूरचाचा म्हणाले. मग डॉक्टरांकडे वळले. "साहेब, पानी आनखी लागंल का?"

शालनला वाटलं होतं चाचा म्हणतील, 'जाऊ दे बेटी.' ते तसं म्हणाले नाहीत. तिच्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही, आणि ते बरोबरच होतं.

डॉक्टरांनी हात धुतले. जाताना ते तिघांपाशी थांबले. "झुलेखा कोण? तू. तू नसतीस तर मला इथे यायचंच कारण नव्हतं. मोठी झालीस की माझ्याकडे ये, अशी माणसं हवीत मला. आणि तू..." त्यांनी शालनकडे बघितलं. "कुट्टीचा तो ढीग आजच्या आज चाळायचा. एकही तुकडा राहता कामा नये."

"चाळते," शालन म्हणाली.

तिने तो ढीग मूठ मूठ करून चाळला. अंबूमावशी कपिलीजवळ बसून होती. शालनची तिच्याकडे मान वर करून बघायची छाती होईना.

"मावशी, तुम्ही मला रागवा तरी!"

"रागावले गं," अंबूमावशी म्हणाली. "लई रागावले. आता ताक पी आन् मग परत चाळ."

अकरा तुकडे निघाले. अंधार पडायच्या आत तिने आपली शर्यत जिंकलेली गाडी आणली आणि तीही मोडून त्या तुकड्यांतच टाकली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी "कल्हईऽऽवाला" अशी हाक आली, तेव्हा शालन दारातच उभी होती. डोक्यावर पाच पातेल्यांची उतरंड. मागून आबा दोन हंडे घेऊन येत होते. गावातल्या एवढ्या मोठ्या पंचाच्या हातात हंडे, हे बघायला शेजारणी बाहेर आल्या.

"काय झालं?" एकीने विचारलं.

"मन्सूरचाचांनी काही केलं नव्हतं. मी खोटं सांगितलं होतं," शालन म्हणाली. हे तिने त्या गल्लीत सात दारांपाशी सांगितलं. पारावर सांगितलं. सातव्यांदासुद्धा ते सोपं गेलं नाही. दर वेळी कान तापायचे.

चाचांनी पिंपळाखाली भट्टी मांडली होती. त्यांनी पातेली उतरवून घेतली, एक एक बघितली, आणि म्हणाले, "भाता ओढाया मानूस नाय आज. बस."

शालन बसली. दोन्ही हातांनी भाता ओढू लागली. समोर झुलेखा चिंधी घेऊन पातेलं पुसत होती. एक पातेलं झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. तिकडे गोठ्याच्या दारात कपिली उभी होती, कुशीला पट्टी, आणि तिचा जबडा हळूहळू डावीकडून उजवीकडे फिरत होता. रवंथ!

"तिने रवंथ सुरू केलं," शालन हळूच म्हणाली.

झुलेखाने मान वर करून गोठ्याकडे बघितलं. मग शालनच्या हातांकडे बघितलं.

"भाता नीट ओढ," ती म्हणाली. "असा ओढलास तर कथील जळेल. तुला काही कळत नाही यातलं."

"नाही कळत," शालन म्हणाली. "तू शिकव."